तपासणीचं निम्मं काम घरात: साथीतल्या फोन-भेटींचा अनुभव

मिरजेच्या दवाखान्यांत जत, आटपाडी, कवठे महांकाळकडून आणि हद्दीपलीकडच्या अथणी, रायबाग, चिकोडीकडून माणसं येत आली आहेत. सकाळची गाडी धरायची, नंबर लावायचा, तपासून घ्यायचं, रक्त द्यायचं, दुपारी रिपोर्ट दाखवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि हे सगळं एका दिवसात थांबलं. इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले होते, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या हद्दींवर नाके उभे राहिले. बीपी, साखर, थायरॉइड, फिट, हृदय यांच्या गोळ्या मात्र घराघरांत संपत आल्या होत्या. त्यामुळे दवाखान्याचे फोन वाजायला लागले.

आम्ही ते फोन घेणारी, केसपेपर शोधणारी आणि डॉक्टरांना जोडून देणारी माणसं. फोनवरच्या आणि समोरासमोरच्या तपासणीबद्दल रुग्णांनी काय काय बोलून दाखवलं ते पहिल्यापासून आमच्या कानावर आहे. त्यातून आमचं एक मत पक्कं झालं. फोन-भेटीत तपासणीचं निम्मं काम रुग्णाच्या घरच्यांवर येऊन पडतं. ज्या घरांना ते काम नीट समजावून दिलं, तिथल्या लोकांना फोन आवडला. ज्यांना कुणी काही सांगितलंच नाही, ते म्हणाले, "हात लावल्याबिगर डॉक्टरला कळतंय कसं?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

आधी नियम काय आहेत ते सांगतो, कारण रुग्णांच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच येतात. टाळेबंदी लागली त्याच तारखेला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओवर लांबून तपासून औषध सांगण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. तोपर्यंत फोनवर औषध सांगायला बरेच डॉक्टर कचरत असत. रुग्णानं स्वतः फोन केला तर त्याची संमती धरली जाते. डॉक्टरांकडून किंवा आरोग्यसेवकाकडून फोन गेला तर मात्र ती स्पष्ट विचारून घ्यावी लागते. नाव, वय, पत्ता विचारणं बंधनकारक आहे. लहान मुलासाठी फोन असेल तर मोठं माणूस सोबत हवं. पहिल्यांदाच संपर्क होत असेल आणि तोही नुसत्या आवाजावर, तर पॅरासिटामॉल, ओआरएस अशा बिनचिठ्ठीच्या औषधांच्या पुढे डॉक्टरांना जाता येत नाही. व्हिडिओ असेल तर आणखी काही औषधं देता येतात. जुना आजार, तोच त्रास आणि मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासणी झालेली असेल, तर चालू गोळ्या पुढे लिहून देणं किंवा जोडीला एखादी देणं शक्य होतं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या फोनवर मिळत नाहीत.

"पंधरा वर्षं तुमच्याकडं येतोय आणि आता नवीन पेशंट म्हणताय?" हा राग याच सहा महिन्यांच्या अटीतून निघायचा, कारण त्याहून जास्त दिवस गेले की जुना रुग्णही नवा धरला जातो. "तापाला नुसती पॅरासिटामॉल सांगितली, एवढ्यासाठी फोन कशाला?" ही तक्रारही तिथलीच. अट आधी सांगितली की माणसं समजून घेत. डॉक्टर लाइनवर आल्यावर सांगितली की दुखावली जात.

आता घरातलं काम. सगळ्यात जास्त घोळ बीपीच्या आकड्यांत होतो. चुलीपुढून उठून आलेली बाई किंवा मळ्यातून आलेला माणूस तसाच मशीन लावतो, १६०च्या वर आकडा येतो आणि घाबरून फोन करतो. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला लावायचे, पायावर पाय नको. चहा, तंबाखू, मिश्री यांच्यानंतर अर्धा तास गेलेला असावा. लघवी तुंबवून मोजू नये. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढीव येतो. मनगटाच्या मशीनवर आम्ही भरवसा ठेवत नाही. एवढं केलं की बऱ्याच जणांचा "वाढलेला बीपी" जागच्या जागी खाली येतो, आणि डॉक्टरांना गोळी वाढवायची की नाही हे खऱ्या आकड्यावर ठरवता येतं.

साखरेच्या मशीनचं दुखणं वेगळं. आपल्याकडे तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षं आणि बेदाण्याच्या हंगामात अर्ध्या घरांचे हात गोड असतात. फळ हाताळलेल्या बोटातून थेंब घेतला की साखर भलतीच वर दाखवते. सॅनिटायझर चोळून भागत नाही, साबणानं हात धुवून कोरडे करावे लागतात. बोट जोरानं पिळू नये. पट्ट्यांची तारीख बघावी आणि डबी लगेच बंद करावी, कारण दमट हवेनं पट्ट्या खराब होतात. "जेवणानंतर दोन तास" हे जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचं. उठून हात धुतला तिथून मोजणारे पुष्कळ आहेत. आणि नुसता आकडा कळवून उपयोग नाही, तो उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, आणि त्याआधी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं होतं का, हे सोबत सांगावं.

ऑक्सिमीटर २०२०च्या पावसाळ्यात घरोघरी पोचला. सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई तो घेऊन दारात आल्यावर तर सगळ्यांना ओळखीचा झाला. पण त्याच्यावर दोन आकडे दिसतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा, आणि लोक ते उलटे वाचतात. "ऑक्सिजन बहात्तर आलाय, गाडी पाठवा" असा रडवेला फोन आला की आम्ही आधी विचारायचो, दुसरा आकडा किती? तो सत्त्याण्णव असायचा, म्हणजे बहात्तर ही नाडी. उलटंही व्हायचं, आणि ते धोक्याचं. नाडीचा ९८ वाचून घर निश्चिंत बसायचं आणि ऑक्सिजन ८८ असायचा. मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेली बोटं यांनी आकडा खोटा कमी येतो. बोट घातल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून आकडा स्थिर झाल्यावर वाचावा. बसून ९४ च्या खाली असेल तर पुढचं काहीही न करता दवाखाना गाठायचा. बसून चांगला असेल तर घरातल्या सपाट फरशीवर सहा मिनिटं नेहमीच्या चालीनं चालायचं, बोटाला मशीन तसंच ठेवून. जिन्यावर हे करायचं नाही. चालून आल्यावर आकडा ३ हून जास्त घसरला किंवा दम लागला तर तोही इशाराच. बसल्या जागी दम लागणाऱ्यानं ही चाचणी करूच नये.

मशीन नसेल तर श्वास मोजता येतात. रुग्णाला न सांगता मोजायचे, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. छाती किंवा पोट वर येईल तसे पूर्ण एक मिनिट मोजायचे. मोठ्या माणसाचे मिनिटाला २४ च्या वर जात असतील तर ताप असो वा नसो, फोनवर वेळ घालवायचा नाही. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असले तर मूल समोर तपासलं गेलंच पाहिजे.

मुलांच्या तापाच्या औषधात एक चूक आम्हाला फार काळजीत टाकायची. पॅरासिटामॉलचं पातळ औषध तीन तऱ्हेचं घरात असू शकतं. ५ मिलीत १२० मिग्रॅ, ५ मिलीत २५० मिग्रॅ आणि थेंबाची बाटली, जिच्यात १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिग्रॅच्या आसपास लागतं. फोनवर "एक चमचा द्या" म्हटलं की तिन्ही बाटल्यांत तीन वेगळे डोस होतात, आणि थेंबाच्या बाटलीतून चमचाभर म्हणजे ५०० मिग्रॅ पोटात जातं. म्हणून आम्ही बाटली हातात घेऊन लेबल वाचायला लावतो आणि मुलाचं वजन विचारतो. लेबल वाचल्याशिवाय डोस सांगितला जात नाही. वेळ जातो, पण इथे घाई करायचीच नाही.

गोळ्यांचंही तेच. "सकाळची गुलाबी आणि रात्रीची अर्धी पांढरी" यावरून काही कळत नाही. पाकिटाच्या मागची बाजू, जिथे नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, तिचा फोटो हवा. गोळी तोडताना तोच कोपरा आधी फाटतो, म्हणून गोळ्या उलट्या टोकाकडून काढायला सांगतो. बीपीच्या गोळीच्या एकाच नावापुढे 'एएम' असलं तर त्यात अम्लोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध मिसळलेलं असतं आणि 'एच' असलं तर लघवी वाढवणारं औषध. टेल्मिसार्टन ४० घेणाऱ्याला मेडिकलवाल्यानं टंचाईच्या दिवसांत 'एच'वालं दिलं आणि चक्कर यायला लागली, असे प्रकार फोटो बघूनच ध्यानात आले.

फोटोबद्दल थोडक्यात. अंगावरचे चट्टे दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी घ्यावेत, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. चेहरा गोरा करणारी सोय बंद करावी, नाहीतर लाली दिसतच नाही. कागदी रिपोर्ट सपाट ठेवून पानांच्या क्रमानं घ्यावा, वर रुग्णाचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून. ईसीजीची पट्टी सबंध, तुकड्यातुकड्यानं नको.

इतकं सगळं करूनही काही गोष्टी फोनवर होत नाहीत, आणि इथे आम्ही रुग्णांच्या बाजूचे आहोत. पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर बोटांनी दाबून बघतात, हात सोडताना दुखतं का ते बघतात, पोट कडक आहे का ते बघतात. अपेंडिक्सचा संशय यातूनच येतो. स्क्रीनवर पोट बघून काही समजत नाही. छातीतली घरघर ऐकता येत नाही. गरोदर बाईचा बीपी घरी घेता येईल, पण पोटाची वाढ आणि बाळाचे ठोके नाहीत. डोळ्यासमोर अंधारी, तोंड वाकडं होणं, छातीत दाब, सापाचा दंश यासाठी फोन फक्त एकच करायचा, १०८ ला.

साखरेच्या रुग्णांचे पाय ही आमची सगळ्यात मोठी चिंता. पायाची संवेदना गेली की जखम दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून रुग्ण फोनवर ती सांगत नाही. समोर आल्यावर सिस्टर चप्पल काढायला लावतात तेव्हा बोटांच्या बेचक्यात ती सापडते. साथीच्या दोन वर्षांत असे पाय उशिरा पोचले, आधी पोचले असते तर नुसत्या ड्रेसिंगवर भागलं असतं. तेव्हापासून साखरेच्या प्रत्येक फोनला आम्ही घरच्या माणसाला टॉर्च घेऊन दोन्ही तळवे आणि बेचकी बघायला लावतो. नडगीच्या हाडावर अंगठ्यानं पाच-दहा सेकंद दाबून खड्डा पडतो का तेही बघायला सांगतो, त्यावरून पायावरची सूज कळते. २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण आले तेव्हा आणखी एक प्रश्न कायमचा जोडला गेला. कोविड होऊन गेलेल्या, साखर असलेल्या माणसाला चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखतंय, बधिर वाटतंय, डोळा सुजलाय किंवा नाकातून काळपट येतंय का? उत्तर हो असेल तर बोलणं तिथेच थांबवून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

बायकांचं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते ऐकून घेतलं गेलं नाही याचं वाईट वाटतं. शहरात बसून लिहिणारे म्हणाले, घरबसल्या डॉक्टर मिळाला. पण एकत्र घरात फोन सासऱ्यांचा किंवा नवऱ्याचा असतो आणि रेंज मिळते ती सोप्यात, सगळ्यांच्या मध्ये. तिथे उभं राहून अंगावरून पांढरं जातंय किंवा पाळी चुकलीय हे कशी सांगणार? "काय नाही, नुसती कंबर दुखतीय" म्हणून फोन ठेवला जायचा. दवाखान्यात पडदा असतो, सिस्टर नवऱ्याला बाहेर बसायला सांगू शकतात. घरात मारहाण होत असेल तर दवाखान्याची ती दहा मिनिटंच मोकळी असतात. समोरासमोरची भेट बायकांना जास्त हवी होती त्याचं कारण हे एकांताचं आहे. आम्ही नंतर 'हो' किंवा 'नाही' इतकंच बोलावं लागेल असे प्रश्न विचारायला लागलो. "आत्ता शेजारी कोणी आहे का? खालच्या जागेचा त्रास आहे का? पाळीचा आहे का?" आणि गरज वाटली तर पुढचं कारण न विचारता तपासणीला बोलावून घ्यायचं. आशाताईंच्या फोनवरून बोलायची सोय झाली तिथे खूप फरक पडला.

म्हाताऱ्या माणसांत कान हा अडसर. स्पीकरवर आवाज फुटतो, आणि मग मुलगा मध्ये बोलायला लागतो. बाप "रात्री उशाशी दोन उशा लागतात" म्हणतो आणि मुलगा "तसं काय नाही, बरंय" सांगतो. दोन उशा लागणं म्हणजे आडवं पडलं की दम लागतो, ही हृदयाच्या दुखण्यात फार मोठी गोष्ट आहे. म्हणून पहिली दोन मिनिटं रुग्णालाच बोलू द्या, असा आमचा आग्रह असतो.

ज्यांना फोन मनापासून पटला ते मुख्यतः दोन प्रकारचे. एक, लांबचे जुने रुग्ण. जतहून सांगली ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, थायरॉइडचा रिपोर्ट दाखवून "हीच गोळी चालू ठेवा" ऐकायला सगळा दिवस आणि सोबतच्या माणसाची मजुरी जाते. दुसरे, मनाच्या आजाराचे. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात कोणी बघेल ही भीती घरातून बोलताना नव्हती, अर्थात घरात एकांत असेल तरच. न पटलेल्यांत नव्या दुखण्याचे रुग्ण जास्त, आणि ज्यांना सुई टोचून घेतल्याशिवाय गुण येत नाही असं वाटतं ते. सुईच्या बाबतीत आम्ही त्यांची समजूत काढतो. नव्या दुखण्याच्या बाबतीत त्यांचंच बरोबर.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेची ओपीडी एप्रिल २०२० पासून लोकांसाठी सुरू झाली, आणि ती मोफत आहे. साथीच्या काळात तिची रीत अशी होती: मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, माहिती भरून जुने रिपोर्ट जोडायचे, टोकन मिळायचं, मेसेज आल्यावर लॉगिन करून रांगेत थांबायचं. नंबर आला की कॉलचं बटण चालू व्हायचं, ते दोन मिनिटांच्या आत दाबावं लागायचं. इथेच लोक चुकायचे. फोन चार्जिंगला लावून पाणी भरायला जायचे आणि पाळी निघून जायची. बोलणं झाल्यावर चिठ्ठी लगेच उतरवून ठेवावी. गैरसोय एवढीच की दर वेळी डॉक्टर नवे असतात आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वाड्यांवर व्हिडिओ टिकत नाही. तिथे साधा फोनच बरा, आणि डॉक्टरांनी शेवटी सांगितलेलं रुग्णाकडून पुन्हा म्हणवून घ्यावं. "दिवसातून दोनदा" आणि "दोन दिवसांतून एकदा" तुटक्या आवाजात सारखंच ऐकू येतं.

चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, वय, तारीख, औषधाचं नाव आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर मेडिकलवाला देत नाही, आणि न देणंच योग्य. व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवताना ती रुग्णाला आणि त्याच्या गावच्या मेडिकलला, दोघांना पाठवतो, म्हणजे शंका आली तर तो थेट दवाखान्याला विचारतो. फीवरून कुरबूर व्हायची. "नुसतं बोलायचे पैसे?" असं विचारणारे पुष्कळ. फी आधी सांगायची, पावती पाठवायची आणि त्याच तक्रारीसाठी चार दिवसांत बोलावं लागलं तर पुन्हा घ्यायची नाही, या तीन गोष्टी पाळल्या तिथे तक्रार उरली नाही.

जुलै २०२१ मध्ये साथ चालू असतानाच पूर आला. साताऱ्याकडे डोंगर खचले, सांगलीत कृष्णेचं पाणी गावात शिरलं. रस्ते बंद, म्हणून फोनच आधार, आणि वीज नसल्यानं तोही दिवसभरात संपणारा. पुराच्या पट्ट्यातल्या घरांना तेव्हापासून आमचं सांगणं आहे: पावसाळ्याआधी महिन्याभराच्या गोळ्या जादा आणून ठेवा, चालू औषधांची यादी कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण फोटो फोनमध्ये असतात आणि फोन बंद पडतो. इन्सुलिनला फ्रीज मिळाला नाही तर मातीच्या मडक्यात, वाटीत ठेवून, पाणी लागू न देता सांभाळा.

आता गाड्या सुरू आहेत, दवाखाने भरलेले आहेत, पण लांबचे बरेच रुग्ण एक भेट समोर आणि मधली एक फोनवर असं करतात. समोरच्या भेटीला येताना त्यांनी घरचं बीपीचं मशीन पिशवीत घालून आणायचं. सिस्टर त्याच हातावर आधी दवाखान्याच्या आणि मग घरच्या मशीननं मोजतात. फरक दर वेळी पाचाच्या आत राहिला तर मशीन ठीक, दहाच्या वर गेला तर पट्टा किंवा मशीन बदलायचं. केसपेपरवर त्या दिवशीचा फरक लिहून ठेवतो, म्हणजे पुढचा फोन आल्यावर घरचा आकडा कसा वाचायचा ते डॉक्टरांना कळतं.